जोत्याची उंची कोण ठरवतो?

कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी महापूर ओसरला की दोन निदाने ठरलेली असतात. सरकारी कचेरीतले निदान असे की लोक ऐकत नाहीत. इशारा दिला तरी घर सोडत नाहीत आणि पाणी उतरले की पुन्हा तेथेच विटा रचतात. सभेतले निदान असे की सरकार झोपले होते. धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले असते तर पाणी आलेच नसते. दोन्हींत तथ्याचा अंश आहे, आणि दोन्ही निदाने ती करणाऱ्याला सोयीची आहेत. परंतु एकाच गल्लीत, एकाच पुरात, एका घराने जोते तीन फूट उचललेले असते, धान्याची पोती माळ्यावर चढवलेली असतात, आणि त्याला लागून असलेल्या घरात काहीच केलेले नसते, याचा उलगडा यांपैकी एकाही निदानाने होत नाही. चळवळीने हा प्रश्न आजवर क्षुल्लक मानला. घरापुरते पाहणे ही मध्यमवर्गीय वृत्ती, खरा लढा नदीच्या आणि धरणांच्या धोरणाचा, अशी एक समजूत कार्यकर्त्यांत आढळते. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापुरात तोही उच्चांक मोडला आणि सांगलीत पाणी ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. नदीकाठच्या माणसाला हे आकडे वर्तमानपत्रातून कळावे लागत नाहीत. आयर्विनला अमुक फूट म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पाणी, आणखी दोन फूट म्हणजे उंबऱ्यात, हे गणित घरातल्या पोरासोरांनाही पाठ असते. त्याला अडाणीपणा म्हणणे हा शहाण्यांचा उद्धटपणा होय.

तथापि अनुभवाचाही एक धोका असतो. २००५ च्या पुरानंतर अनेकांनी भिंतीवरची ओल पाहून आपली व्यवस्था लावली होती. कपाट कोठवर उचलायचे, पिठाचे डबे कोणत्या फळीवर ठेवायचे, विजेचे बटण किती उंचीवर घ्यायचे, हे सारे त्या खुणेवरून ठरले. २०१९ साली पाणी त्या खुणेच्या वर चढले. ‘पाचच्या पुराला येथवर आले नव्हते, आता कसे येईल?’ या भरवशावर थांबलेली कुटुंबे माडीवर अडकली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला गावातल्या बोटीतून बाहेर पडत असताना बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. २०२१ साली मात्र अनेक गावे आणि गल्ल्या आधीच रिकाम्या झाल्या. दोन वर्षांपूर्वीची आठवण अजून ओली होती. म्हणजे माणसे शिकतात; पण शेवटच्या पुराइतकेच शिकतात.

या प्रश्नाचा परदेशांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. रोनाल्ड रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडलेल्या उपपत्तीचा गाभा असा की केवळ भीतीने माणूस स्वसंरक्षणाला प्रवृत्त होत नाही. संकट खरे आहे हे पटावे लागते, त्यावर काही उपाय आहे हे पटावे लागते, आणि तो उपाय आपल्याच्याने होईल हेही पटावे लागते. पहिली गोष्ट पटली आणि उरलेल्या दोन पटल्या नाहीत, तर भीती उलटी फिरते. माणूस संकटाचा विचार करणेच सोडून देतो, नशिबावर हवाला ठेवतो किंवा सरकार बघून घेईल असे म्हणतो. जर्मनीतील ग्रोटमान आणि रॉइसविग या दोघा अभ्यासकांनी ऱ्हाइनकाठच्या कोलोन शहरात ही उपपत्ती पडताळून पाहिली आणि २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच कोलोनचा एक दाखला प्रसिद्ध आहे. १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९५ च्या जानेवारीत ऱ्हाइनला जवळजवळ सारख्याच उंचीचे पूर आले, परंतु दुसऱ्या पुरात शहराचे नुकसान पहिल्याच्या निम्म्याहून कमी झाले. तेरा महिन्यांत नदी बदलली नव्हती. लोकांनी तळघरे रिकामी ठेवण्यास आरंभ केला होता, आणि इशारा व त्यावरची हालचाल अधिक वेळेवर झाली होती.

येथे समाजवादी वाचकाला खटकणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कोलोनच्या त्या पाहणीत उत्पन्न, वय, मालकी अशा सामाजिक-आर्थिक बाबींपेक्षा मनाची ही धारणाच अधिक निर्णायक ठरली. वर्गविश्लेषणाची सवय झालेल्यांना हे पचणे कठीण आहे, म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र कोलोनचा भाडेकरू आणि सांगलीच्या पूरपट्ट्यातला भाडेकरू यांत जे अंतर आहे, ते त्या पाहणीच्या कक्षेबाहेरचे आहे. जेथे घराला कायदेशीर आधार आहे, विमा मिळू शकतो आणि इशारा दिला की तो खरा ठरतो, तेथे ‘हे आपल्याच्याने होईल’ हा विश्वास मनाचा विषय राहतो. जेथे ज्या जागेवर घर उभे आहे तिचा उताराच नावावर नाही, तेथे तोच विश्वास तलाठ्याच्या दप्तरात अडकलेला असतो.

ही गोष्ट जरा विस्ताराने पाहण्यासारखी आहे. जोते उचलायचे तर घर उतरवावे लागते. विटा-मातीच्या भिंतींचे घर नुसते वर उचलता येत नाही. ते पाडून नव्याने बांधावे लागते आणि त्याला काही लाख रुपये लागतात. बँक कर्ज देते ते उताऱ्यावर. पूररेषेच्या आत असलेल्या घराला बांधकामाचा परवाना मिळत नाही, आणि परवाना नाही म्हणून कर्ज नाही. मग उरतो तो सावकार, नाहीतर मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. भाडेकरूची तऱ्हा आणखी निराळी. त्याने पदरमोड करून माळा घातला तर मालक भाडे वाढवतो. मालकाने घालावा तर मालक स्वतः उंचावरच्या कॉलनीत राहतो. ज्याला आपले घर उद्या अतिक्रमण म्हणून पाडले जाईल अशी धास्ती आहे, त्याने आज त्यात सिमेंट ओतावे अशी अपेक्षा करणे हा हिशेबाचा अडाणीपणा आहे, आणि तो त्या गरिबाचा नव्हे.

दुसरी बाब गोठ्याची. पूरग्रस्त गावांत माणसे मागे का राहतात, याचे उत्तर मानसशास्त्राच्या ग्रंथांत शोधण्याआधी दावणीला बांधलेल्या म्हशीकडे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे दहा दिवसांचे बिल हा असंख्य घरांचा रोख आधार आहे. बोटीत म्हैस बसत नाही. निवारा केंद्र शाळेत असते आणि शाळेत जनावरांना जागा नसते. घरातली बायकामुले पुढे पाठवून एक गडी मागे थांबतो, वैरण माडीवर चढवतो, आणि पाणी दावणीला लागेपर्यंत हलत नाही. अधिकारी त्याला हट्टी म्हणतात. वस्तुतः तो घराचे संरक्षणच करीत असतो. कारण त्याच्या लेखी घर म्हणजे चार भिंती नव्हेत, गोठ्यासह चालणारा संसार आहे. ज्या गावांत जनावरांसाठी उंचावर पत्र्याची शेड, पाणी आणि वैरण यांची सोय आधी होते, तेथे माणसेही आधी निघतात. एवढी साधी गोष्ट आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांत शेवटच्या पानावर जाते.

घरातल्या सामानाची बांधाबांध बहुतेक ठिकाणी स्त्रियाच करतात, हेही येथे सांगितले पाहिजे. रेशनकार्ड, आधारकार्ड, मुलांचे दाखले, मंगळसूत्र आणि औषधे एका पिशवीत कोणत्या खुंटीला आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. परंतु घर सोडायचे कधी हे मात्र त्या ठरवत नाहीत. या विसंगतीविषयी चळवळीच्या बैठकांत फारसे बोलले जात नाही.

आता सरकारी मदतीची रीत पाहावी. २०१९ च्या ऑगस्टात, पूर अंगावर असताना निघालेल्या शासन निर्णयात मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याची अट होती. दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मिळवण्यासाठी पाण्याने ४८ तास मुक्काम करावा लागे. त्यावर योग्य ती टीका झाली. पण ती अट म्हणजे केवळ एखाद्या कारकुनाची असंवेदनशीलता नव्हती. आपल्या मदतीच्या संपूर्ण विचाराचेच ते प्रतिबिंब होते. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत सपाट प्रदेशातील घर पूर्ण पडल्यास १,२०,००० रुपये, पक्क्या घराची अंशतः पडझड झाल्यास ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरलेले आहेत. ज्याने कर्ज काढून जोते उचलले, माळा घातला आणि घर वाचवले, त्याच्या दारी पंचनामा होतच नाही. पडलेल्या भिंतीला किंमत आहे, न पडलेल्या भिंतीला नाही. अशा व्यवस्थेत लोक स्वतःहून घराचे संरक्षण का करीत नाहीत, असे विचारणे विनोदी आहे. आश्चर्य याचे वाटले पाहिजे की तरीही इतके जण करतात.

प्रतिबंधासाठी पैसाच नाही, अशी सबब यापुढे ऐकून घेण्याचे कारण नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्तीविषयक निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के संकटाची तीव्रता कमी करण्यासाठी. तो दुसरा वाटा घरांच्या जोत्यांपर्यंत का पोहोचू नये, हा प्रश्न विधिमंडळात आणि जिल्हा नियोजन समितीत विचारण्याजोगा आहे.

इथवर घराच्या संरक्षणाची बाजू झाली. पण या चित्राला एक दुसरी बाजू आहे आणि ती अधिक अवघड आहे. पाणी नाहीसे होत नाही. एका प्लॉटवरून हटवले की ते दुसऱ्यावर जाते. ज्याची ऐपत आहे तो मातीचे डंपर ओतून आपली जागा सहा-आठ फूट उचलतो, भोवती काँक्रीटची भिंत घालतो आणि ओढ्याचे तोंड आवळतो. त्याचे घर कोरडे राहते. त्याच्या मागची पत्र्याची वस्ती, जी पूर्वी गुडघाभर पाण्यात असे, ती आता छातीभर पाण्यात जाते. हेही घराचे संरक्षणच आहे आणि भराव घालणारा मनुष्य कोणी खलनायक असतोच असे नाही. पुष्कळदा तो निवृत्तीच्या पैशातून घर बांधलेला शिक्षक असतो. परंतु अशा शंभर शहाण्यांच्या शहाणपणातून शहराचा पूर वाढतो. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही अल्प काळात कोसळलेल्या प्रचंड पावसाबरोबर नदीपात्रातील आणि पूरमैदानातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. गरिबाची झोपडी अतिक्रमण म्हणून मोजली जाते, बिल्डरचा भराव ‘विकास’ म्हणून; हा फरक नदीला मात्र कळत नाही.

त्यामुळे ‘नदीला भिंत बांधा’ या मागणीबाबत सावधगिरी हवी. ती मागणी टाळ्या घेते, कारण तिच्यात कोणालाच काही सोडावे लागत नाही असे वाटते. अमेरिकन भूगोलज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिले की तटबंध बांधला की लोक निर्धास्त होऊन त्याच्या आडोशाला आणखी वस्ती करतात, आणि तो फुटतो तेव्हा पूर्वीहून मोठा संहार होतो. भारताला हे परदेशी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. बिहारमध्ये १९५४ साली सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. पुढे तटबंधांची लांबी ३,७०० किलोमीटरच्या आसपास गेली आणि पूरप्रवण क्षेत्र सुमारे ६९ लाख हेक्टर झाले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा तटबंध फुटला तेव्हा ज्या गावांना पूर ही गोष्ट जवळजवळ विसरायला लागली होती, ती गावे पाण्याखाली गेली.

मग नेदरलँड्सचे काय, असे कोणी विचारील. तेथे सामान्य घरमालक पुरासाठी फारसे काही करीत नाही, कारण ते काम समाजाने आपल्या शिरावर घेतलेले आहे. १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ माणसे गेल्यावर त्या देशाने अनेक दशके अफाट खर्च केला. परंतु त्यामागे तेराव्या शतकापासून चालत आलेली जलमंडळे आहेत, ज्यांना स्वतंत्र कर बसवण्याचा अधिकार आहे. बांधाची देखभाल ही तेथे लोकांनी आपल्या कराच्या पैशाने चालवलेली संस्था आहे; मंत्र्याने दौऱ्यावर येऊन केलेली घोषणा नव्हे. ती परंपरा नसताना नुसती भिंत आणली तर हाती लागेल ते कंत्राट.

पूररेषेचा प्रश्नही याच कसोटीवर पाहावा लागतो. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ च्या परिपत्रकात निळी आणि लाल रेषा सांगितली. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोहोंच्या मध्ये निर्बंधांसह. तत्त्व निर्दोष आहे. पण चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या महापुरानंतर जेव्हा या रेषा शहरावर आल्या, तेव्हा नागरिकांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात उपोषण आरंभले. नदीतला गाळ काढा आणि या रेषा रद्द करा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पहिली मागणी रास्त होती. दुसरीविषयी चळवळीने स्पष्ट बोलण्याचे धैर्य दाखवले पाहिजे. पाणी कोठवर येते हे उपोषणाने बदलत नाही. मात्र ज्या रेषेने रातोरात घराची किंमत शून्य होते, कर्ज बंद होते आणि बदल्यात पर्यायी जागेचा एक कागदही मिळत नाही, ती रेषा विज्ञानाच्या नावाखाली केलेली जप्ती ठरते. लोकांचा राग तिच्यावर आहे आणि तो समजण्याजोगा आहे.

करवीर तालुक्यातील प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे याचे जुने उदाहरण आहेत. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळी येथे जागा देण्यात आल्या. तरी पुढील प्रत्येक महापुरात, २००५, २०१९ आणि २०२१ साली, या गावांची नावे पहिल्या ओळीत राहिली, कारण बरीच कुटुंबे मूळ गावीच नांदत होती. ‘जागा दिल्या तरी जात नाहीत,’ हा शेरा येथूनच निघतो. पण शेत नदीकाठी आहे, ऊस नदीकाठी आहे, गोठा शेताजवळ हवा. एका कुटुंबाची तीन दशकांत तीन कुटुंबे होतात आणि प्लॉट एकच राहतो. देवळे, तालमी, शेजार हे उताऱ्यावर लिहून स्थलांतरित होत नाही. माणूस घराचे रक्षण करतो तेव्हा तो आपल्या जगण्याच्या जागेचे रक्षण करीत असतो, हे ज्याने जाणले त्याला पुनर्वसन म्हणजे भूखंडवाटप नव्हे हेही सहज कळेल.

अलमट्टीचा उल्लेख केल्यावाचून या भागातील कोणतीही सभा संपत नाही. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. त्याला विरोध करणे आणि फुगवट्याचा खुला, तटस्थ अभ्यास मागणे अगत्याचेच आहे. तथापि वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नव्हता, हेही त्याच व्यासपीठावरून सांगितले जावे. सगळा दोष राज्याच्या सीमेपलीकडे ढकलला की अलीकडच्या भरावाकडे कोणी पाहत नाही, आणि भराव घालणारे पुष्कळदा त्याच व्यासपीठावर बसलेले असतात.

तेव्हा कामाचे स्वरूप असे दिसते. मे महिन्याच्या ग्रामसभांत आणि प्रभागांच्या बैठकांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा विजेच्या खांबांवर रंगवून घ्याव्यात, आणि प्रत्येक खुणेसमोर पुलावरची पातळी किती फूट होती ते लिहावे. भाडेकरूंची, आजाऱ्यांची आणि जनावरांची गल्लीवार यादी कार्यकर्त्यांनी स्वतः करावी. ती तहसीलदाराकडे तयार असेल या भ्रमात राहू नये. जोते उचलण्यास, सामायिक माळा किंवा गच्ची बांधण्यास आणि उंचावर गोठे उभारण्यास वीस टक्क्यांच्या त्या निधीतून अनुदान मिळावे, आणि ते उताऱ्यावर नव्हे तर प्रत्यक्ष राहण्यावर मिळावे, असे ठराव गावोगाव व्हावेत. ज्याने अनुदान घेऊन घर वाचवले त्याला पुरानंतरची मदत नाकारली जाणार नाही, हेही त्या ठरावात लिहून घ्यावे. नाहीतर कोणी अर्जच करणार नाही. निळ्या रेषेच्या आतील नव्या भरावांची छायाचित्रांसह नोंद ठेवून ती महापालिकेत आणि नगरपालिकेत द्यावी, भराव आपल्या हितचिंतकाचा असला तरी द्यावी. यात गैरसोय होईल, काही देणग्याही बुडतील. आणि सोनतळीसारख्या ठिकाणी मिळालेल्या जागांचे उतारे खरोखर कोणाकोणाच्या नावे झाले आहेत, वाढलेल्या कुटुंबांपैकी किती त्यात बसतात, याची तपासणी तलाठी कार्यालयात जाऊन पावसाळ्याआधी पुरी करावी. मोर्चाची तारीख त्यानंतर ठरवावी.